निंबाचा टाक

होळीच्या दिवशी सकाळीच भास्करराव देवऱ्यांच्या देवपुरातल्या घराची कडी वाजली, तेव्हा रुपचंदशेठ तिथे हजर होतेच. किराण्याचं दुकान धाकट्या भावावर सोपवून चहाला यायचं आणि जेवणाची वेळ टळेपर्यंत हलायचं नाही, हा त्यांचा नेम. देवरे एके काळी फौजदार होते. साहेबाशी वाजलं, तेव्हा त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं आणि खाजगी तपास सुरू केला. आपल्यावाचून या तपासाचं पान हलत नाही, अशी शेठजींची प्रामाणिक समजूत होती.

दारात मोतीलाल गुरुजी होते. शाळेत इतिहास शिकवणारा सडसडीत माणूस, पण आज त्यांचा चेहरा पार उतरलेला. त्यांच्यामागे साठीतली एक विधवा बाई पदर सावरत उभी होती.

"या भिकुबाई. नरडाण्याजवळच्या कोळदरीच्या," गुरुजी म्हणाले.

बाई उंबऱ्यातच मटकन बसल्या. "भाऊ, मन्हा वीर चोरायी गया. सकाय मन्हा पोऱ्या पुना येस. त्याना हातमा काय देऊ मी?"

देवघरातला वीर कोण चोरेल, याचा रुपचंदशेठना उलगडा होईना. देवऱ्यांनी बाईंना पाणी दिलं आणि गुरुजींना पहिल्यापासून सांगायला लावलं.

पेशवाई बुडाली त्या साली इंग्रजांची पलटण कोळदरीच्या गढीवर चालून आली होती. आतल्या शिबंदीने दम धरला. पण एका रात्री कुणीतरी दिंडीदरवाजाचा अडसर आतून काढला आणि सगळी शिबंदी कापली गेली. त्या शिपायांच्या वंशजांचे इतिहास गुरुजी चार वर्षं गावोगाव फिरून गोळा करत होते. आता मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं होतं, इंग्रजांशी लढून हरलेल्यांची नावंही मोठ्याने घेता येत होती. म्हणून उद्या, धुळवडीला, गढीसमोर त्या नावांची शिळा बसायची होती.

"दरवाजावर पहारा होता भिकुबाईंच्या पूर्वजाचा, निंबाचा. त्यामुळे अडसर त्यानेच काढला असं गावाने ठरवलं. तेव्हापासून या घराला 'दारउघडे' म्हणतात. बाकीच्यांचे वीर धुळवडीला एकत्र निघतात, यांचा वीर एकटा नदीवर जातो."

वीर म्हणजे लढाईत पडलेला पूर्वज. चांदीच्या पत्र्यावर घोडेस्वार उठवून त्याचा टाक करायचा, देवघरात बसवायचा, होळीला त्याला नैवेद्य दाखवायचा आणि धुळवडीला घरच्या पुरुषाने डोक्यावर घेऊन वाजतगाजत नाचवत नेऊन नदीत न्हाऊ घालायचं. खानदेशात हे शेठजींनाही सांगावं लागत नव्हतं.

"पण निंबाचं प्रेत दिंडीच्या आत सापडलं, पाठीत वार झालेलं," गुरुजी म्हणाले. "इंग्रजांना आत घेणाऱ्याला इंग्रज पाठीत कशाला मारतील? हे मी पंचांना पटवलं. पंचांनी तोड काढली. ज्या घरचा वीर उद्या मिरवणुकीत येईल, त्याचं नाव शिळेवर कोरायचं. निंबाची जागा पाथरवटाने मोकळी ठेवली आहे."

"आणि वीर आला नाही तर?"

"मोकळीच राहील. कायमची."

भिकुबाईंनी डोळे पुसले. "मन्हा पुना ह्या नावनापायी गाव सोडीसन सुरतले गया, भाऊ. कोणी पोर देत नही, कोणी पंगतले बलावत नही. नाव लागनं तर मी येसू, बोलना. त्याना बाप तर आयकता आयकताच मरी गया."

देवरे उठले. कोट खुंटीवरून काढत म्हणाले, "शेठ, नरडाण्याची सर्व्हिस मोटार गाठायची आहे."

"आज? होळीला?" शेठजींच्या डोळ्यांसमोर घरची पुरणपोळी तरळली. पण तपास अडून राहील, या काळजीने ते निघाले.

*

नरडाण्याहून बैलगाडीने कोळदरी गाठेस्तोवर ऊन डोक्यावर आलं. भिकुबाईंचं घर दोन खणांचं, सारवलेलं, लख्ख. कोपऱ्यात देवघर. देवांच्या ओळीत मधली जागा रिकामी नव्हती. तिथे चिमूटभर तांदळावर एक सुपारी ठेवलेली होती.

"ही तुम्ही ठेवली?"

"नही भाऊ. काल दिवाबत्तीले उनू, तर टाक नही. त्यानी जागावर हाई सुपारी."

देवऱ्यांनी वाकून ती सुपारी निरखली. तिच्यापुढे नैवेद्याचं ताट होतं. पुरणपोळी, भात, रशी म्हणजे कटाची तिखट आमटी, डाव्या बाजूला मिठाची चिमूट.

"हे ताट?"

"मन्हा चुलत दीर उखर्डूना घरथीन उनं. त्यासना बी वीर तोच शे ना. टाक आमना घर, म्हनीसन नैवेद्य दरसाल आठेच येस."

"काल घरात कोण कोण आलं होतं?"

भिकुबाईंनी बोटांवर मोजत सांगितलं. भिकन सोनार आठ दिवस उजळायला नेलेला टाक सकाळी परत देऊन गेला. मग उखर्डू येऊन भांडला. घराण्याची थोरली पाती आमची, वीर माझा मुलगा नाचवणार, असं त्याचं म्हणणं. दुपारी छगन पाटील येऊन अंगणातूनच ओरडून गेला. दारउघड्याचा वीर मिरवणुकीत दिसला तर बघून घेईन, म्हणाला.

"घरात आला?"

"तो? आमना उंबरा त्यानी सात पिढीमा कोणी वलांडा नही." मग बाईंचा आवाज जरा हलका झाला. "पन त्यानी माय उनी व्हती, सुंदरबाई. सांजले, एकटी. पुरणपोयीसाठे मन्हं खापर मांगाले. पहिली फेरी मन्हा घरमा बठनी, पानी पिनी. मी माळावर चढीसन खापर काढी दिधं. बठ्ठी गल्ली देखी ऱ्हायनती, भाऊ."

त्या कौतुकाने त्यांचा चेहरा क्षणभर उजळला.

*

उखर्डू ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. अंगाने आडदांड, तोंडाने फटकळ.

"हो, भांडलो! वीर आमचाही आहे. इतकी वर्षं दारउघडा म्हणून मीही खाली मान घातली. आता मान मिळायची वेळ आली, तर पुना सुरतेहून येऊन नाचवणार?" त्याने तंबाखू झटकली. "पण टाक चोरून काय करू? चोरलेला वीर उद्या गावासमोर काढू कसा? आता ना त्याला, ना मला."

भिकन सोनार घाबरट निघाला. हात जोडूनच बोलायला लागला. "साहेब, गावातले सगळे टाक दर होळीला माझ्याकडेच येतात. माझ्या बापाकडे यायचे. काल सकाळी निंबाचा टाक मी भिकुबाईंच्या हातात दिला. हवा तर अंगठा घ्या."

"कुणी विकत मागितला होता? मोडून टाक म्हणालं होतं?"

सोनार चपापला. "पाटील म्हणाले होते, 'उजळताना वितळला तर वितळू दे.' रागात हो! मी ऐकलं नाही."

तिथून निघाल्यावर शेठजींनी देवऱ्यांचा हात धरला. "झालं! पाटील! आणखी काय पाहिजे?"

"जेवण," देवरे म्हणाले.

*

छगन पाटलांचा दुमजली वाडा गढीच्या पायथ्याशी होता. पाटील पन्नाशीचे, मिशांना पीळ. देवऱ्यांचं नाव ऐकताच त्यांच्या कपाळावर आठी उमटली, पण होळीच्या दिवशी दारी आलेला माणूस परत धाडणं त्यांच्या घराण्याला शोभणारं नव्हतं.

"मी चोरला म्हणता? मला गरज काय?" ते गरजले. "गावात कितीतरी वीर असतील. आमच्या घरात एकच आहे, पण मिरवणुकीत पहिला! हैबतराव. दिंडीच्या तोंडाशी सगळ्यात पुढे पडला. त्याच्या नावाशेजारी त्या दारउघड्याचं नाव कोरू देईन? टाक माझ्या हाती लागता, तर विहिरीत फेकला असता."

"फेकलाच असता तुम्ही," देवरे शांतपणे म्हणाले. "पाटील, आम्ही सकाळपासून उपाशी आहोत. विराचा प्रसाद मिळेल?"

शेठजींना भरून आलं. भास्कररावांना आपली इतकी काळजी आहे, हे त्यांना आजच कळलं.

माजघरात पाट मांडले गेले. चुलीजवळ पोळ्या भाजायची तीन मोठी मातीची खापरं पालथी घातलेली होती आणि चौथ्यावर पाटलांची बायको प्रमिलाबाई पोळी टाकत होती. सुंदरबाई दिसत नव्हत्या. नैवेद्य दाखवून अक्का नदीवर हातपाय धुवायला गेल्यात, असं प्रमिलाबाईंनी सांगितलं. मग त्या देवघरात गेल्या, जरा थबकल्या आणि नैवेद्याची दोन ताटं घेऊन बाहेर आल्या. एक देवऱ्यांपुढे ठेवलं, एक शेठजींपुढे. दोन्ही वाट्यांत रशीवर तुळशीचं पान तरंगत होतं.

शेठजींनी पान डोळ्यांना लावून तोंडात टाकलं आणि वाटीच तोंडाला लावली. रशी अशी झणझणीत, की डोळ्यांतून पाणी आलं आणि जिवाला बरं वाटलं. देवऱ्यांनी एक घोट घेतला आणि आपली वाटी शेठजींकडे सरकवली. शेठजींनी तीही उचलली आणि तोंड वाकडं केलं.

"तुमची अळणी आहे हो! मिठाचा खडाही नाही."

प्रमिलाबाई गडबडल्या. "आमच्याकडे विराच्या नैवेद्यात मीठ घालत नाहीत. सासूबाईंचा नेम आहे. त्यांना त्यांच्या सासूने घालून दिला."

"का बरं?"

"कुणास ठाऊक. बायकांनी बायकांना सांगायचं, पुरुषांशी बोलायचं नाही, एवढंच त्यांनी सांगितलं." आणि आपण नको ते बोलून गेलो, हे ध्यानात येऊन त्या चुलीकडे वळल्या.

शेठजींनी आपल्या वाटीतली उरलेली रशी पोळीला लावून संपवली. देवरे मात्र जेवायचे थांबले होते.

बाहेर गुरुजी वाट पाहत होते. देवऱ्यांनी त्यांना एकच प्रश्न विचारला. "इतक्या घराण्यांचे इतिहास जमवलेत. विराला अळणी नैवेद्य दाखवणारं घर कुठे भेटलं?"

"अळणी? छे! कुठेच नाही."

"पाटलांकडे विचारलं होतंत?"

"नैवेद्याचं नाही विचारलं. ओसरीवर बसून पाटलांनी सांगितलं, तेवढं लिहून घेतलं."

"तिथेच चुकलं, गुरुजी. तुम्ही ओसरीचा इतिहास लिहिलात. या घराचा इतिहास चुलीपाशी होता." देवऱ्यांचा चेहरा गंभीर झाला. "होळी पेटायच्या आत सगळ्यांना पाटलांच्या माजघरात बोलवा. भिकुबाईंनासुद्धा."

*

दिवस कलला होता. चौकात गोवऱ्यांची होळी रचून झाली होती आणि ढोल तापवले जात होते. माजघरात सगळे जमले होते. भिकुबाई दाराशी अंग चोरून बसल्या होत्या. या घरात त्या जन्मात पहिल्यांदाच आल्या होत्या. उखर्डू आणि भिकन भिंतीला टेकून उभे. पाटील येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या आई, सुंदरबाई, देवघराच्या दारात बसल्या होत्या. पाठीला पोक आलेली म्हातारी, नजर जमिनीवर.

"चोराने सुपारी का ठेवली, हा पहिला प्रश्न," देवरे बोलू लागले. "देव हलवला की त्याची जागा आपण सुपारीने राखतो, कारण तो परत यायचा असतो. म्हणजे चोराला टाक विकायचाही नव्हता, बुडवायचाही नव्हता. भिकन सोनार सुटला. त्याच्याकडे टाक आठ दिवस होता, त्याला चोरायला भिकुबाईंच्या घरी जायची गरज नव्हती. पाटीलही सुटले. त्यांनी उंबरा ओलांडला नाही, आणि टाक हाती लागता तर विहिरीत गेला असता, हे त्यांनीच सांगितलं."

"मग हा उखर्डू!" पाटील म्हणाले.

"उखर्डूच्या घरून आज नैवेद्याचं ताट भिकुबाईंकडे गेलं. वीर स्वतःच्या घरात लपवून कुणी रिकाम्या जागेला जेवू घालत नाही. विराला होळीला उपाशी ठेवायची छाती खानदेशात कुणाची नाही. अगदी चोराचीही नाही." देवरे शेठजींकडे वळले. "शेठ, दुपारी तुमची रशी कशी होती?"

"फक्कड! मीठ-तिखट अगदी—" शेठजी थांबले. त्यांच्या तोंडाचा आ तसाच राहिला.

"पाटील, तुमच्या घरात वीर एकच. मग देवघरातून नैवेद्याची ताटं दोन कशी आली? दोन्हींवर तुळशीपान होतं. एक रशी अळणी, तुमच्या विराची, नेमाप्रमाणे. दुसरी मीठ घातलेली. ती कुणासाठी?"

पाटलांचे पाय थांबले.

"ज्या घरात तीन खापरं नुसती पालथी पडून आहेत, त्या घरची म्हातारी आणखी एक खापर मागायला स्वतः जाते. तेही अशा घरी, जिथे त्यांच्यातलं कुणी कधी गेलं नाही. आणि खापर माळ्यावर असतं. ते काढायला घरमालकीण पाठ फिरवते." देवऱ्यांचा आवाज खाली आला. "अक्का, पाहुण्याला जेवू घातलंत, आता त्याला बाहेर आणा."

"माय?" पाटील आईकडे वळले.

सुंदरबाई उठल्या. देवघरातल्या तांब्याच्या तबकामागून त्यांनी लाल फडक्यात गुंडाळलेला टाक काढला आणि भिकुबाईंच्या ओटीत ठेवला.

"मी चोर नही, भिकू," त्या म्हणाल्या. "त्याले जेवाले लयी उनू मी. एक दिन. पाया पडी लेवाले."

"कसाले, अक्का?"

म्हातारीने लेकाकडे पाहिलं आणि नजर पुन्हा जमिनीवर वळवली. उत्तर देवऱ्यांना द्यावं लागलं.

"शिबंदीने गढीच्या धन्याचं मीठ खाल्लं होतं. त्या मिठाला जो जागला नाही, त्याला मरणानंतर मीठ द्यायचं नाही, असं एका बाईने ठरवलं. त्याच्याच बायकोने. नवऱ्याने त्या रात्री काय केलं, हे फक्त तिला ठाऊक होतं. पहाऱ्यावरच्या निंबाला पाठीमागून मारून त्याने अडसर काढला, सगळ्यात आधी बाहेर पडला, आणि अंधारात इंग्रजांनी त्यालाही कापला. म्हणून तो दिंडीच्या तोंडाशी, सगळ्यात पुढे सापडला. गाव त्याला पहिला वीर म्हणू लागलं. ती गप्प बसली, पण तिने त्याचा नैवेद्य अळणी केला. सून आली, तिला सांगितलं. तिने तिच्या सुनेला."

"खोटं!" पाटील ओरडले. "माय, सांग खोटं आहे म्हणून!"

सुंदरबाईंनी नकारार्थी मान हलवली. "बठ्ठं खरं शे, छगन. मन्ही सासूनी मरतांना माले सांगं. प्रमिलाले नेम सांगा, कारन सांगानं धाडस झायं नही." त्यांनी पदर तोंडाला लावला. "सकाय बठ्ठा वीर एक रांगमा बसतीन. निंबा आनि आमना हैबत, शेजारशेजार. आनि आमना वीर तुन्हा डोकावर ऱ्हाई. निंबानी तठेच तुले धरं तर? मी त्याले बोलनू, बाप, आज मन्हा घर मीठभाकर खाय, मन्हा पोर्‍याले सोड. उद्या दिन निंघावर तुले तुन्हा घर लयी जासू."

म्हातारीचं रडू कुणाला ऐकवेना. पाटील भिंतीला टेकून खाली बसले. इतका वेळ ताठ असलेल्या त्यांच्या मिशा शेठजींना एकदम केविलवाण्या वाटल्या. चौकात ढोल वाजायला लागले, पाटलांना होळी पेटवायला हाका आल्या, पण ते उठले नाहीत.

भिकुबाईंनी टाक फडक्यातून काढला, पदराने पुसला आणि त्या घरी गेल्या.

*

सकाळच्या गाडीने पुना नरडाण्याला उतरला. गढीसमोर तो आला तेव्हा सारं गाव जमलं होतं. छगन पाटील शिळेपाशी उभे होते. रात्रभर झोप नसावी, डोळे तांबारलेले.

"गड्यांनो," ते म्हणाले, "दार निंबाने उघडलं नाही. आमच्या हैबतरावाने उघडलं. इतकी वर्षं शिव्या भलत्या घराने खाल्ल्या. पुना, मिरवणुकीत पुढे तू हो. आणि पाथरवट, आमचं नाव छिलून टाक."

उखर्डूने पुढे होऊन पुनाच्या डोक्यावर फेटा बांधला. वीर मी नाचवतो असं तो म्हणाला नाही.

"नाव ऱ्हाऊ द्या," भिकुबाई म्हणाल्या. "तो बी तठेच मरना."

वीर नदीवर न्हाले. शिळेसमोर एका रांगेत बसले, निंबा पहिला, हैबतराव शेवटी. बायकांनी नैवेद्याची ताटं मांडली. सुंदरबाईंनी आपलं ताट ठेवलं, नेहमीसारखंच, अळणी, आणि त्या खाली मान घालून मागे सरल्या.

तेव्हा भिकुबाई उठल्या. निंबाच्या ताटातली मिठाची चिमूट त्यांनी उचलली. पुनाने आईकडे पाहिलं, पण अडवलं नाही. रांगेच्या टोकापर्यंत जाऊन त्यांनी ते मीठ हैबतरावाच्या रशीत सोडलं आणि बोटाने ढवळलं.

"खाय बाप आते," त्या म्हणाल्या.

सुंदरबाईंनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. रुपचंदशेठ प्रसादासाठी पुढे सरसावले होते, ते तिथेच थांबले. देवऱ्यांनी टोपी काढली आणि पाथरवट निंबाचं नाव कोरायला बसला.